पाहिले, काही नाही

मावशींच्या टेबलावर सहा पडदे होते आणि समोरच्या भिंतीवर आणखी चोवीस. एकोणीस वर्षं त्या या भिंतीकडे बघत होत्या. त्याआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ते बंद पडलं तेव्हा कानाला हेडफोनची सवय आहे एवढ्या भांडवलावर त्यांना वाहतूक केंद्रात घेतलं. खुर्चीवर स्वतः शिवलेली उशी, चष्म्याला दोरी आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात टोक काढलेल्या दोन पेन्सिली. कंट्रोल रूममधल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात त्यांना मावशी करून टाकलं होतं. साहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी तेही मावशीच म्हणत.

घरी त्या वहिनी होत्या. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती. नणंदेने लग्न केलं नव्हतं. दोघी एकाच घरात राहत, भांडत, आणि भांडण झालं तरी एकमेकींची औषधं वेळेवर हातात देत. नणंद शाळेच्या ऑफिसात होती. "तुझं काय वहिनी, दिवसभर टीव्ही बघायचा आणि त्याचा पगार घ्यायचा," हे तिचं आवडतं वाक्य. "तुझ्यासारखं नाही गं, माझ्या टीव्हीत जाहिराती नसतात," हे मावशींचं ठरलेलं उत्तर.

दर बुधवारी सकाळी अकरा वाजता लोक केंद्र बघायला येत. त्यांना सगळं दाखवण्याचं काम मावशींचं. त्यांचं बोलणं पाठ झालेलं होतं.

"डांबराखाली तारांची वेटोळी पुरलेली आहेत. वरून गाडी गेली की तारेला कळतं. कधी गेली, किती वेगात गेली. वेग एकदम पडला की इथे घंटी वाजते. दुसरे कॅमेरे. संगणकाने प्रत्येक चित्रावर चौकोन आखलेत. त्या चौकोनात एखादी वस्तू वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबली की तो म्हणतो, थांबलेलं वाहन. तिसरी आमची गस्तीची गाडी. आणि चौथे तुम्ही, फोन केलात तर. बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येकाला वाटतं, पुढच्याने केला असेल."

लोक इथे हसत.

"यंत्र फक्त सांगतं. मग मी बघते. खात्री झाली की त्या लेनवर लाल फुली, वेगाची मर्यादा खाली आणि मागच्या तीन बोर्डांवर अक्षरं: पुढे वाहन थांबले आहे. रेडिओला आणि गाडीतल्या नकाशांनाही तेव्हाच कळतं. नव्वद सेकंदांत सगळं."

यातली एक गोष्ट त्या सांगत नसत. प्रत्येक सूचना आली की पडद्यावर तीन बटणं येत. एक 'खरे', दुसरं 'बिघाड', तिसरं 'पाहिले, काही नाही'. तीस सेकंदांत एक दाबावंच लागे, नाहीतर पडदा लाल होऊन लुकलुकायला लागे आणि महिन्याच्या तक्त्यात त्या पाळीच्या नावापुढे एक ठिपका पडे. मावशींच्या पाळीचं सरासरी उत्तर चार सेकंदांचं. साहेबांनी त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रक दिलं होतं. चार सेकंदांत कॅमेरा वळवून, नीट निरखून, बटण दाबणं कसं शक्य आहे, हे ना साहेबांनी विचारलं, ना मावशींनी.

सगळ्यात जास्त खोट्या सूचना एकतीस नंबरचा कॅमेरा देई. नदीच्या पुलाआधी रस्ता वळतो तिथे तो होता. दुपारनंतर बोर्डाच्या जाड खांबाची सावली कडेच्या पट्टीवर सरकत येई आणि चौकोनात येऊन बसे. संगणकाला ती काळी गाडी वाटे. सावली ऋतूप्रमाणे वेळ बदलायची, पण रोजचा फरक एखाद्या मिनिटाचा. मावशींनीच तिचं नाव पाहुणा ठेवलं होतं.

"मावशी, पाहुणा आला."

"येऊ दे. चहा टाकू नका, बसणारा नाही तो."

आणि त्यांचं बोट बटणावर जाई. पाहिले, काही नाही. वर्षाला अडीचशे-तीनशे वेळा.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. चार वाजता दुसऱ्या रस्त्यावर एका टेम्पोतून सिमेंटची पोती पडली होती. मावशी एका हाताने बोर्डाचा मजकूर लिहीत होत्या, एका कानाने गस्तीवाल्याशी बोलत होत्या. चार वाजून बारा मिनिटांनी एकतीस नंबरची सूचना आली. मान न वळवता त्यांनी बटण दाबलं.

चार तेविसाला पुलाआधीच्या तारांवरचा वेग शून्यावर आला. मग फोन सुरू झाले. मावशींनी एकतीस नंबर मोठा करून पाहिला. एका छोट्या पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या भागात ट्रक शिरला होता. तिथे कडेला भिंत आहे, पट्टी अरुंद आहे, गाडीची अर्धी बाजू लेनमध्येच राहते. उतरून उभं राहायला जागा नाही. त्यांनी लाल फुली लावली, बोर्ड लावले, रुग्णवाहिका धाडली. सगळं नव्वद सेकंदांच्या आत. गाडीतली बाई जागीच गेली होती.

चौकशीला तीन माणसं बसली. कॅमेऱ्यांची चित्रं तेव्हा साठवत नसत, ती फक्त दिसत आणि जात. त्या बाईचा फोन घरी चार्जिंगला राहिलेला. जे तिच्या बाजूने गेले त्यांतलं कोणी पुढे आलं नाही. उरल्या त्या केंद्राच्या नोंदी.

"चार बाराला सूचना आली होती. तुम्ही काय केलंत?" मधल्या गृहस्थांनी विचारलं.

मावशींच्या समोर कागद होता. त्यावर छापलेलं होतं.

"नोंदीत आहे तेच," त्या म्हणाल्या.

एवढंच बोलल्या. पुढचं सगळं त्या शब्दांवर उभं राहिलं. चार बाराला रस्ता रिकामा होता, म्हणजे गाडी त्यानंतर आली. अहवालात लिहिलं गेलं की चालक महिलेने धोकादायक वळणावर वाहन अचानक उभे केले, आणि धोक्याचे दिवे लावल्याचे आढळले नाही. गाडीचा मागचा भाग असा चेपला होता की त्यात काही आढळणार नव्हतंच. ट्रकवाल्याला त्याचा परवाना परत मिळाला.

अहवाल आल्यावर सुट्टी संपून शाळा उघडली, त्या संध्याकाळी नणंद चपला काढता काढताच बोलायला लागली. "वहिनी, ती पुलावरची बाई कोण माहितेय? आमच्या शाळेची व्हॅनवाली! अकरा वर्षं मुलं नेली-आणली, कधी ओरखडा नाही. आणि आता आया काय म्हणतायत? म्हणे, बरं झालं मुलं नव्हती आत. म्हणे, पहिल्यापासूनच बेभरवशाची होती. कालपर्यंत हिच्याशिवाय यांचं पान हलत नव्हतं!"

मावशी भाजी चिरत होत्या. चिरत राहिल्या.

"नवरा आला होता आज. व्हॅनमध्ये मुलांचं राहिलेलं सामान द्यायला. चार पाण्याच्या बाटल्या, एक स्वेटर, एका पायाचा बूट. सगळ्यांवर नावं चिकटवून आणलेली. एका बाईने बाटली घेतली आणि त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याला खुर्ची दिली तर म्हणाला, बसत नाही, माझ्यामुळे तुम्हाला बोलतील."

दुसऱ्या दिवशी मावशींनी एकतीस नंबरच्या जुन्या सूचना काढल्या. अपघाताच्या आदल्या दिवशी पाहुणा आला होता चार चौदाला. त्याच्या आदल्या दिवशी चार तेराला. पुढच्या दिवशी, म्हणजे अपघातानंतर, चार सोळाला. मग मधल्या दिवशी त्याने चार पंधराला यायला हवं होतं. तो आलाच नव्हता. चौकोनात आधीच कोणी असेल तर संगणक दुसरी सूचना देत नाही. चार बाराला आली ती सावली नव्हतीच. ती बाई होती. ती अकरा मिनिटं तिथे होती, आणि मावशींनी तिला चहासुद्धा विचारला नव्हता.

हा शेवटचा विचार त्यांच्या मनात आपणहून आला आणि त्या स्वच्छतागृहात जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून एकतीस नंबरची सूचना आली की मावशी बघत. चार सेकंद नव्हे, चांगली चार-पाच मिनिटं. चित्र मोठं करून, डांबराचा प्रत्येक तुकडा तपासून. सावली येई, भिंतीशी टेकून उभी राही आणि हळूहळू पुढे निघून जाई. त्यांची सरासरी घसरली. नावापुढे ठिपके पडायला लागले. मुली म्हणत, "मावशी, पाहुणाच आहे हो." मावशी चित्र आणखी मोठं करत, आणि मग मुलींनीही तो शब्द टाकला.

चौथ्या महिन्यात एक दिवस आभाळ गच्च भरलेलं होतं. सूर्य सकाळपासून दिसला नव्हता. सावली पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिची वेळ तर आता सरकून साडेतीनच्या आत आली होती. चार वाजून बारा मिनिटांनी एकतीस नंबरने सूचना दिली. थांबलेले वाहन.

मावशींनी पाहिलं. पट्टी रिकामी होती. ओली भिंत, ओला रस्ता, बाजूने जाणाऱ्या गाड्या. आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्या गाड्या त्या ठिकाणी येताच जराशा उजवीकडे सरकत होत्या. वळणामुळे असेल. नेहमीच सरकत असतील. पण इतक्या वर्षांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं, आणि आता प्रत्येक गाडी कुणाला तरी धक्का लागू नये म्हणून अंग चोरून गेल्यासारखी जात होती.

त्यांनी 'खरे' दाबलं. लेनवर फुली लागली. तीन बोर्डांवर अक्षरं उमटली. पुढे वाहन थांबले आहे. गाड्या हळू झाल्या, कडेची लेन मोकळी झाली. मावशी घड्याळाकडे बघत राहिल्या. चार तेविसाला त्यांनी बोर्ड विझवले.

गस्तीवाला तणतणत वर आला. "मावशी, काय होतं तिथे? मी सायरन लावून गेलो, तिथे कागदाचा कपटासुद्धा नाही!"

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "बोर्ड एकदा खोटं बोलला ना मावशी, की दुसऱ्या वेळी लोक वाचत नाहीत. लांडगा आला रे आला, असं होतं. हे मी तुम्हाला सांगायचं? नव्या मुलींना तुम्हीच शिकवता हे."

"चुकलं," मावशी म्हणाल्या. आणि दोन आठवड्यांत तीन वेळा पुन्हा तेच केलं.

त्यानंतरच्या बुधवारी बघायला आलेल्यांत मागे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. मावशी नेहमीचं बोलत होत्या. यंत्र फक्त सांगतं, मग मी बघते, इथवर आल्या तेव्हा त्या गृहस्थांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"ते 'पाहिले, काही नाही' असं बटण आहे ना तुमच्याकडे. ते दाबताना नक्की काय पाहता?"

बटणाचं नाव बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. अहवालाच्या नवव्या पानावर ते होतं. माणूस कोण आहे हे मावशींना कळलं.

"कॅमेऱ्यातलं चित्र."

"दर वेळी?"

"नियम आहे तसा."

"नियम नाही विचारला, बाई." आवाजात राग नव्हता. "माझी बायको पार्किंगमध्येसुद्धा आरशात तीनदा बघायची. माझी चेष्टा करायची, तुम्ही गाडी चालवता की देवावर सोडता म्हणून. ती वळणावर अचानक थांबली, हे माझ्या डोक्यात बसत नाही. म्हणून विचारलं."

कोणीतरी मध्येच म्हणालं, त्या मोठ्या भिंतीजवळ जाऊन बघता येईल का? सगळे तिकडे वळले. मावशींनी मागे पाहिलं तेव्हा ते गृहस्थ जिन्यावरून खाली उतरत होते.

महिन्याच्या शेवटी तारा आणि कॅमेरे सांभाळणारा इंजिनिअर एक अर्ज घेऊन आला. त्याला सगळे तारवाला म्हणत. "मावशी, तुमचा त्रास मिटवतो. एकतीस नंबरमधला तो चौकोनच झाकून टाकू. मग कॅमेरा तिकडे बघणारच नाही. ना सूचना, ना भानगड. साहेबांची सही झाली, आता तुमची."

अर्जावर एकच वाक्य होतं. सदर भागात आजवर एकदाही प्रत्यक्ष वाहन थांबल्याचे आढळले नाही. खाली सगळ्यात जुन्या ऑपरेटरची सही. सोबत पुरावा म्हणून सूचनांची यादी जोडलेली, चौदा पानं. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि, मावशींचे अलीकडचे चार 'खरे' सोडले तर, तेच तीन शब्द.

"उद्या देते," मावशी म्हणाल्या.

"सहीला उद्या कशाला? वाचायला काय कादंबरी आहे?"

"उद्या देते म्हटलं ना."

घरी त्यांनी ती पानं टेबलावर पसरली. नणंदेने चष्मा लावून डोकावून पाहिलं. "काय गं हे?"

मावशींनी तिला सगळं सांगितलं. पोती, हात, बटण, चौकशी. पहिल्यांदाच कोणाला तरी. नणंदेने चष्मा काढून पानांवर ठेवला.

"म्हणजे वहिनी, मी रोज येऊन तुला त्या बायका काय बोलतात ते सांगत होते, आणि तू..."

"हो."

"आणि आता ते तो चौकोन झाकणार?"

"हो."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" नणंद उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "तुला काढून टाकतील."

"तीन वर्षं राहिलीत माझी."

"ते ठाऊक आहे मला. मी काय करशील विचारत नाही. मी फक्त म्हणतेय, काढून टाकतील. माझ्या पगारात दोघींचं भागेल. वांगी कमी खावी लागतील, एवढंच. तशीही तुला वांगी करता येत नाहीत."

मावशींनी पेन्सिल बाजूला ठेवून पेन घेतलं. यादीच्या नवव्या पानावर ती ओळ होती. चार चौदा आणि चार सोळा यांच्यामध्ये चार बारा, कोणीही पाहिलं असतं तर दिसलं असतं. त्या ओळीतल्या तीन शब्दांवर रेघ मारून त्यांनी शेजारी लिहिलं: मी पाहिले नाही. वाहन असावे. खाली पूर्ण नाव, तारीख. अर्जावर सही केली नाही.

सकाळी साहेबांनी ते पान वाचलं, दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचलं. "मावशी, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. तेव्हा मी सांगितलं नाही."

त्याच दुपारी त्यांना पडद्यांवरून उठवलं. चौकशी पुन्हा बसेपर्यंत फायलींच्या खोलीत बसायचं. उशी आणि पेन्सिली एका मुलीने आणून दिल्या. ती रडत होती. मावशी तिला म्हणाल्या, "रडू नकोस. बघत जा. चार सेकंदांत बटण दाबलंस तर मी वर येऊन कान धरीन."

नवा अहवाल यायला महिने लागणार होते. मावशींना तेवढं थांबता येईना. रविवारी दुपारी नणंदेने शाळेच्या रजिस्टरमधून आणलेला पत्ता घेऊन मावशी त्या गृहस्थांच्या घरी गेल्या. दुसरा मजला. दाराशी बायकांच्या चपलांचा एक जोड होता, झाडून पुसून ठेवलेला. गृहस्थांनी दार उघडलं आणि मावशींना लगेच ओळखलं.

मावशींनी उभ्यानेच सांगितलं. घोळून, गोड करून सांगणं त्यांना जमलं नाही. चार बाराला सूचना आली. मी पाहिलं नाही. तुमच्या मिसेस तेव्हा तिथेच होत्या. अचानक थांबल्या नव्हत्या. मी पाहिलं असतं तर मागच्या गाड्यांना कळलं असतं.

ते खुर्चीत बसले. "किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"अकरा मिनिटं ती तिथे बसून होती?"

मावशींनी मान हलवली.

"मला वाटायचं पटकन झालं असेल," ते म्हणाले. "अचानक थांबली म्हणजे पटकन. तेवढं एक बरं वाटायचं. तेही तुम्ही नेलंत."

त्यांनी पाणी विचारलं नाही, मावशींनी जाण्यासाठी पाऊल उचललं नाही. शेवटी ते उठले, टेबलाच्या खणातून वही काढली, कोरं पान उघडून समोर ठेवलं.

"लिहून द्या. आत्ता सांगितलंत ते. शाळेत दाखवायचंय मला. एकेका आईला."

मावशींनी बसून लिहिलं. ते शेजारी उभे राहून वाचत होते. "अकरा मिनिटं आकड्यात लिहिलीत. अक्षरांतही लिहा." मावशींनी लिहिलं. सही करणार तेवढ्यात गृहस्थांनी वहीवर हात ठेवला.

"तिने दिवे लावले होते ना? धोक्याचे?" आवाज एकदम खाली आला. "लावलेच असणार. ती लावल्याशिवाय राहायचीच नाही. तेवढं लिहा. चालक महिलेने दिवे लावले होते. एक ओळ."

मावशींच्या हातात पेन होतं. एक ओळ. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. ती बाई कशी होती हे आता त्यांनाही माहीत होतं, बाटल्यांवर नावं चिकटवणाऱ्या घरातली, आरशात तीनदा बघणारी. दिवे नक्कीच लुकलुकत असतील, अकरा मिनिटं, कॅमेऱ्याच्या अगदी समोर.

"नाही लिहिता येणार," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं नाही."

त्यांनी मावशींकडे खूप वेळ पाहिलं. मग वहीवरचा हात काढला.

"मग तसं लिहा," ते म्हणाले. "दिवे होते की नव्हते, मी पाहिलं नाही. असं लिहा."

मावशींनी तसं लिहिलं.